एटी८९सी५१ मिळेनाशी झाली: तिच्या जागी कुठली चिप बसवायची?

पंधरा-वीस वर्षं चाललेल्या मशीनचं कंट्रोल कार्ड दुरुस्तीला येतं. झाकण उघडलं की मधोमध बेसवर बसवलेली चाळीस पायांची लांब चिप दिसते. वर पिवळा पडलेला कागदी स्टिकर, त्यावर पेनाने लिहिलेली तारीख. स्टिकर हलकेच सोलला की खाली नाव वाचता येतं: एटी८९सी५१. मशीनचा प्रोग्राम पोटात ठेवून चालवणारी ही मायक्रोकंट्रोलर चिप. महाराष्ट्रात डिप्लोमा किंवा इंजिनिअरिंगला इलेक्ट्रॉनिक्स घेतलेल्या आमच्या पिढीने पहिला एलईडी याच घराण्यातल्या चिपवर लुकलुकवला. पुढे त्याच मुलांनी एमआयडीसीतल्या छोट्या कारखान्यांसाठी टायमर, तापमान नियंत्रक, वजनकाटे आणि काउंटर बनवले. ती कार्डं अजून चालताहेत. चिप मात्र कालबाह्य झाली.

इंटेलने ८०५१ बाजारात आणली १९८० साली आणि २००७ मध्ये तिचं उत्पादन थांबवलं. दरम्यान ॲटमेलने त्याच रचनेत फ्लॅश मेमरी घालून एटी८९सी५१ काढली आणि ती स्वस्त असल्यामुळे घरोघरी पोचली. २०१६ मध्ये मायक्रोचिपने ॲटमेल विकत घेतली. एटी८९सी५१ च्या शेवटच्या काळातल्या डेटाशीटवरच लिहिलेलं होतं की नव्या डिझाइनसाठी ही वापरू नका, एटी८९एस५१ घ्या.

पर्यायी चिप शोधताना बहुतेक जण नव्या चिपच्या गुणांची यादी उघडून बसतात: मेमरी किती, वेग किती, एडीसी (व्होल्टेज मोजून आकड्यात देणारा भाग) आहे का. मी उलट बाजूने सुरुवात करतो. जुनी चिप त्या बोर्डासाठी न बोलता काय काय करत होती, ते आधी शोधून काढायचं. बदली चिप फसते ती याच न लिहिलेल्या गोष्टींवर. खाली उदाहरण एटी८९सी५१ चं आहे, पण पायऱ्या दुसऱ्या कुठल्याही जुन्या चिपला लागू पडतात.

चिप खरंच गेली आहे का?

हे आधी तपासा, कारण निम्म्या वेळी दोष चिपचा नसतो. ४० नंबरच्या पायावर ५ व्होल्ट स्थिर आहेत का? मल्टिमीटर ५ दाखवेल, पण सुकलेल्या कॅपॅसिटरमुळे त्यावर लहरी असतील तर त्या ऑसिलोस्कोपवरच (स्कोप) दिसतात. ९ नंबरचा रिसेट पाय चालू स्थितीत शून्याजवळ असायला हवा. ३१ नंबरचा ईए पाय ५ व्होल्टला जोडलेला हवा. तिथला सांधा सुटला तर चिप आतला प्रोग्राम सोडून बाहेरची मेमरी शोधू लागते आणि मेल्यासारखी वागते.

मग ३० नंबरचा एएलई पाय बघा. प्रोग्रामने मुद्दाम बंद केला नसेल तर या पायावर क्रिस्टलच्या (चिपला ठोके देणारा भाग) एक-षष्ठांश वेगाने ठोके येत राहतात. ११.०५९२ मेगाहर्ट्झचा क्रिस्टल असेल तर १.८४३२ मेगाहर्ट्झ. हे ठोके दिसले तर चिपचं काळीज चालू आहे, दोष दुसरीकडे शोधा. ठोके नाहीत, क्रिस्टल बदलूनही नाहीत, तर चिप गेली.

प्रोग्राम कुठे आहे?

ही पायरी ओलांडल्याशिवाय पुढे एक रुपयाही खर्च करू नका. नवी चिप कोरी येते. तुमच्याकडे मूळ प्रोग्राम किंवा निदान हेक्स फाइल (चिपमध्ये थेट भरायचं त्याचं तयार रूप) असेल तर मार्ग सोपा. नसेल आणि जुनी चिप जिवंत असेल, तर ती प्रोग्रामरवर लावून वाचून बघता येते. पण एटी८९सी५१ मध्ये तीन लॉक बिट असतात, आणि जवळजवळ प्रत्येक उत्पादक ते लावूनच माल पाठवायचा. लॉक लागलेल्या चिपमधून काही वाचता येत नाही.

चिपचं कुलूप तोडून देणारेही बाजारात भेटतात. त्यांच्याकडे जाऊ नका. तो प्रोग्राम ज्याने लिहिला त्याचा आहे. आधी मशीन बनवणाऱ्याला फोन करा. मला अनेकदा असा अनुभव आला आहे की वीस वर्षांपूर्वीचा उत्पादक हेक्स फाइल देत नाही, पण प्रोग्राम भरलेली चिप मात्र माफक पैशात कुरिअरने पाठवतो. उत्पादकच उरला नसेल, तर मशीनचं वागणं बघून प्रोग्राम नव्याने लिहावा लागतो. तसं असेल तर जुन्या चिपशी हेक्स जुळवण्याचं बंधन उरत नाही आणि चिपची निवडही वेगळी होते. म्हणून हे आधी ठरायला हवं.

चाळीस पायांचा तक्ता

आता एक मोठा कागद घ्या आणि १ ते ४० नंबर लिहा. प्रत्येक पायापुढे चार गोष्टी: तो कुठे जातो, आत येणारा आहे की बाहेर जाणारा, किती करंट लागतो, आणि रिसेटच्या क्षणी त्याची पातळी काय असते. हे काम कंटाळवाणं आहे, अर्धा दिवस जातो. पण हाच अर्धा दिवस पुढचे आठ दिवस वाचवतो.

चौथा रकाना सगळ्यांत महत्त्वाचा, आणि तोच लोक गाळतात. ८०५१ घराण्याची एक सवय आहे: रिसेट झाल्याबरोबर सगळ्या पोर्टवर (आठ-आठ पायांचे गट) १, म्हणजे वरची पातळी, येतो. पोर्ट १, २ आणि ३ ला आतच कमकुवत पुल-अप (पायाला ५ व्होल्टकडे ओढून धरणारे रेझिस्टर) असतात. पोर्ट ० ला नसतात, तिथे बोर्डावर १० किलोओहमचे रेझिस्टर लावलेले दिसतील. शिवाय हे पाय करंट ओढतात चांगला, देतात मात्र फारच कमी. एटी८९सी५१ च्या डेटाशीटप्रमाणे एक पाय १० मिलिअँपिअरपर्यंत ओढू शकतो (पूर्ण पोर्ट ० मिळून २६, बाकीचे पोर्ट प्रत्येकी १५), पण देताना २.४ व्होल्टवर जेमतेम ६० मायक्रोअँपिअर देतो. म्हणून जुन्या डिझायनरांनी सगळं उलटं जोडलं: एलईडी ५ व्होल्टकडून पायाकडे, रिले इन्व्हर्टरमधून. पाय १ म्हणजे रिले बंद, पाय ० म्हणजे चालू. वीज आल्याक्षणी सगळे पाय १, म्हणजे सगळे रिले बंद. मशीनची सुरक्षितता चिपच्या या सवयीवर उभी असते, आणि हे सर्किटच्या नकाशावर कुठेही लिहिलेलं नसतं.

हे मी चुकून शिकलो. एका हायड्रॉलिक प्रेसच्या कार्डात मी एटीमेगा८५१५ बसवली. ही एव्हीआर घराण्यातली चिप, पण तिचे चाळीस पाय मुद्दाम ८०५१ सारखे मांडलेले आहेत. वीज, जमीन, क्रिस्टल, सिरियल (एकामागून एक बिट पाठवणारे पाय), सगळं त्याच जागी. फरक सांगितला जातो तो एकच, की रिसेट उलटा आहे: ८०५१ ला रिसेटसाठी १ लागतो, एव्हीआरला ०. तेवढा मी बदलला. प्रोग्राम चालला. पण वीज दिली की क्षणभर सोलेनॉइड व्हॉल्व्ह टक्कन वाजायचा. एव्हीआरचे पाय रिसेटमध्ये असताना तरंगते इनपुट असतात. पुढे ७४एचसी०४ इन्व्हर्टर होता, त्याचं इनपुट हवेत, त्यामुळे आउटपुट कुठेही जायचं. सुरू होण्याचा तो कालावधी फ्यूजच्या (चिपमधले सेटिंगचे बिट) मांडणीप्रमाणे ६५ मिलिसेकंदांपर्यंत असतो. बोर्डावरच प्रोग्राम भरायला घेतलं तर चिप कितीतरी सेकंद रिसेटमध्ये राहते आणि तेवढा वेळ पाय तरंगतात. प्रेसखाली त्या वेळी कोणाचा हात नव्हता. प्रत्येक आउटपुटच्या ओळीला १० किलोओहमचा पुल-अप ५ व्होल्टकडे लावला आणि आवाज थांबला. तेव्हापासून हलणारा भाग असलेल्या कुठल्याही मशीनवर पहिली चाचणी मी तेलाचा दाब काढून आणि मोटारची वायर सोडवूनच घेतो. तुम्हीही तसंच करा.

वेळेचा हिशेब

जुनी ८०५१ एका मशीन सायकलला क्रिस्टलचे १२ ठोके घेते. १२ मेगाहर्ट्झवर एक सायकल म्हणजे बरोबर एक मायक्रोसेकंद. त्या काळचे प्रोग्राम लिहिणारे या हिशेबावर रिकामे फेरे मारून वेळ काढायचे: अमुक इतक्या वेळा उणे एक करत जा, तेवढ्यात पन्नास मायक्रोसेकंद होतील. आजच्या बऱ्याच ८०५१ चिपा 'वन-टी' आहेत, म्हणजे पुष्कळशा सूचना एक-दोन ठोक्यांत उरकतात. प्रोग्राम तोच, पण हे फेरे कित्येक पट लवकर संपतात. आणि सगळ्या सूचना सारख्याच प्रमाणात वेगवान होत नाहीत, त्यामुळे क्रिस्टल हळू करूनही पूर्ण जुळत नाही.

बिघाड दिसतो तो अशा ठिकाणी: दोन ओळींचा एलसीडी कोरा राहतो, कारण पडदा पुसण्याच्या आज्ञेला दीड मिलिसेकंद लागतो आणि प्रोग्राम त्याआधीच पुढचं अक्षर पाठवतो. डीएस१८बी२० तापमान सेन्सर उत्तर देत नाही, कारण त्याला जागं करायला निदान ४८० मायक्रोसेकंद ओळ खाली धरावी लागते. टायमरवर आधारलेला वेळ मात्र सहसा वाचतो, कारण अनेक वन-टी चिपांमध्ये टायमर सुरुवातीला १२ ने भागलेल्या वेगावरच ठेवलेले असतात.

क्रिस्टलबद्दल एक गोष्ट. ११.०५९२ हा विचित्र आकडा सिरियलसाठी निवडलेला आहे. १२ ने भागा, ३२ ने भागा, ३ ने भागा, सेकंदाला बरोबर ९६०० बिट येतात. दुकानात तो नाही म्हणून १२ मेगाहर्ट्झचा लावला तर त्याच प्रोग्रामात १०४१७ येतात, म्हणजे साडेआठ टक्के चूक, आणि डिस्प्लेवर कचरा अक्षरं. चिप बदलली की सिरियल बिघडलं अशी तक्रार आली तर आधी क्रिस्टलवरचा आकडा वाचा.

पहिली वाट: तीच हेक्स, तेच पाय

हेक्स फाइल हातात असेल तर इथेच थांबावं असं माझं मत आहे. एटी८९एस५१ (४ केबी) किंवा एटी८९एस५२ (८ केबी) घ्या. दोन्हींत जुनी हेक्स जशीच्या तशी चालते. ५२ मध्ये रॅम १२८ ऐवजी २५६ बाइट आणि एक टायमर जास्त आहे; जुना प्रोग्राम त्यांना हात लावत नाही, म्हणून ते गप्प राहतात. एस५१ मधला वॉचडॉगही (प्रोग्राम अडकला तर चिप रिसेट करणारा टायमर) रिसेटनंतर बंदच असतो. ठरावीक दोन बाइट लिहिल्याशिवाय तो जागा होत नाही.

तरी तीन गोष्टी तपासा. एक, वीज. एटी८९सी५१ ५ व्होल्टच्या वर-खाली २० टक्के, म्हणजे ६ व्होल्टपर्यंत चालायची. एस५१ आणि एस५२ ५.५ पर्यंतच. ६ व्होल्टच्या बॅटरीवर थेट चालणारी जुनी उपकरणं आहेत, तिथे रेग्युलेटर घालावा लागेल.

दोन, प्रोग्रामर. सी५१ बेसवरून काढून पॅरलल प्रोग्रामरवर लिहावी लागायची, बहुतेक प्रकारांना १२ व्होल्ट देऊन. एस मालिका चार-पाच वायरींवर बोर्डावरच लिहिता येते, यूएसबीएएसपीसारखा स्वस्त प्रोग्रामर पुरतो. पण त्या वायरी पी१.५, पी१.६ आणि पी१.७ या पायांवर येतात. तिथे आधीच काही जड जोडलेलं असेल तर लिहिणं अडतं, मग चिप काढूनच लिहा. क्रिस्टल जोडलेला हवा, आणि प्रोग्रामरचा ठोका क्रिस्टलच्या एक-सोळांशापेक्षा कमी हवा, ११.०५९२ ला तो सुमारे ६९० किलोहर्ट्झ होतो. 'चिप सापडत नाही' असा संदेश आला की पहिल्यांदा हा वेग कमी करून बघा.

तीन, नावापुढची अक्षरं. २४पीसी मधला २४ म्हणजे कमाल २४ मेगाहर्ट्झ, पी म्हणजे प्लॅस्टिकची चाळीस पायांची चिप, सी म्हणजे ० ते ७० अंश. आय असेल तर उणे ४० ते ८५. सध्याच्या २४पीयू मधला यू म्हणजे शिसंविरहित आणि औद्योगिक तापमानाची. भट्टीशेजारच्या पॅनेलमध्ये सी कधीच बसवू नका. आणि जे किंवा ए अक्षराची मागवली तर चौकोनी चिप हातात येईल, ती तुमच्या बेसवर बसणार नाही.

दुसरी वाट: दुसऱ्या कंपनीची ८०५१

एसटीसी८९सी५२आरसी ही चिनी चिप पायाला पाय जुळते आणि सिरियल पोर्टवरूनच प्रोग्राम भरून घेते. भरताना वीज बंद करून पुन्हा चालू करावी लागते, एवढं लक्षात ठेवा. प्रोग्राम भरताना १२ ठोक्यांचा की ६ ठोक्यांचा वेग हे निवडता येतं. जुन्या हेक्ससाठी १२ ठेवा.

तिचा एक खोडा मात्र माहीत हवा. तिच्यात २५६ बाइटची जादा रॅम आहे आणि ती रिसेटनंतर चालूच असते. तुमच्या बोर्डावर बाहेरची रॅम, ८२५५ (जादा पोर्ट देणारी चिप) किंवा एडीसी ० ते २५५ या पत्त्यांवर जोडलेला असेल, तर चिप बाहेर न बघता आतल्या रॅमशीच बोलत बसते. प्रोग्राम चालतो, पण आकडे खोटे येतात. प्रोग्रामच्या सुरुवातीला ऑक्सआर रजिस्टरमधला संबंधित बिट १ केला की हे थांबतं. म्हणजे मूळ प्रोग्राम हाती हवा, किंवा हेक्समध्ये फेरफार करता यायला हवा.

वीस पायांच्या एटी८९सी२०५१ च्या जागी आता पुष्कळ जण नुवोटॉनची एन७६ई००३ वापरतात: १८ केबी फ्लॅश, आत १६ मेगाहर्ट्झचा ऑसिलेटर, २.४ ते ५.५ व्होल्ट. नव्या कार्डासाठी चांगली चिप आहे. पण ती वन-टी आहे, आकाराने इवलीशी आहे, पायांची मांडणी वेगळी आहे आणि रिसेटनंतर तिचे पाय इनपुट असतात. ८०५१ ची सूचनावली तीच म्हणून जुनी हेक्स चालेल असं समजू नका. मूळ सी प्रोग्राम असेल तर मात्र एखाद-दोन दिवसांत बदलून होतो, आणि एसडीसीसी हा फुकट कंपायलर त्यासाठी पुरतो.

तिसरी वाट: घराणंच बदलायचं

प्रोग्राम हरवलाय, किंवा मालकाला आता मोबाइलवर आकडे बघायचे आहेत, तर एव्हीआर, एसटीएम३२ (३.३ व्होल्टवरचं नवं घराणं) किंवा आणखी काही घेणं रास्त आहे. पण मग जुन्या बेसचा मोह सोडा आणि नवं कार्ड बनवा. अडॅप्टरवर अडॅप्टर चढवलेली कार्डं थरथरणाऱ्या मशीनवर टिकत नाहीत.

इथला मोठा प्रश्न ३.३ व्होल्टचा. एसटीएम३२ चा पाय १ म्हणून ३.३ देतो. पुढे ५ व्होल्टवरची ७४एचसी चिप असेल तर तिला १ ओळखायला ३.५ व्होल्ट लागतात. टेबलावर चालेल, उन्हाळ्यात पॅनेल तापलं की चुकेल. तीच ७४एचसीटी असेल तर २ व्होल्टवर ओळखते. दुकानात चिप मागताना तो 'टी' सांगायला विसरू नका.

दुसऱ्या घराण्यांतली अदलाबदलही अशीच असते. पीआयसी१६एफ८४ए च्या जागी पीआयसी१६एफ६२८ए बसते, पण रॅमची सुरुवात वेगळ्या पत्त्यावर आहे आणि कम्पॅरेटर बंद केल्याशिवाय पोर्ट ए चे चार पाय डिजिटल होत नाहीत. एटीमेगा८ च्या जागी एटीमेगा८८ बसते, पण रजिस्टरांची नावं आणि इंटरप्टचे पत्ते बदलतात, प्रोग्राम पुन्हा कंपाइल करावा लागतो. अशा जोड्यांसाठी उत्पादकानेच बदलाची टिपणं काढलेली असतात. डेटाशीट शेजारी शेजारी ठेवून फरक शोधण्याआधी ती मिळवा.

खरेदी

निवडलेल्या चिपचं आजचं आयुष्य उत्पादकाच्या संकेतस्थळावर तपासा. 'नॉट रेकमेंडेड फॉर न्यू डिझाइन्स' असेल तर दुरुस्तीला चालेल, नव्या कार्डाला नको. 'लास्ट टाइम बाय' असेल तर पुढच्या पाच-सात वर्षांच्या दुरुस्तीचा अंदाज घेऊन एकदाच घ्या.

मुंबईतला लॅमिंग्टन रोड किंवा पुण्यातलं पासोड्या विठोबाजवळचं मार्केट, दोन्ही ठिकाणी जुन्या चिपा अजून हाती लागतात. पण बंद पडलेल्या मालात घासून नवं नाव छापलेल्या चिपा सर्रास मिसळलेल्या असतात. एक नग घ्या, कापसावर ॲसिटोन घेऊन नाव पुसून बघा. शाई निघाली तर परत करा. पायांवर जुन्या सोल्डरची चमक आहे का बघा. मग प्रोग्रामरवर सही वाचा. खऱ्या एटी८९एस५१ ची सही १ई, ५१, ०६ अशी येते, एस५२ ची १ई, ५२, ०६. सही जुळली तरी पूर्ण मेमरी भरून, पडताळून, पुसून बघा. एवढं झाल्यावर बाकीचे नग घ्या.

बसवल्यावर

पहिला तास टेबलावर, भार न जोडता. पन्नास वेळा वीज चालू-बंद करा, पटापट आणि हळूहळू, दोन्ही तऱ्हांनी. हळू चढणाऱ्या विजेवर रिसेट नीट होतो का, ते इथेच कळतं. मग मशीनवर, मोठा कॉन्टॅक्टर शेजारी वाजत असताना. जुन्या सी५१ मध्ये वीज खचली तर ओळखणारी सोय नव्हती. काही नव्या चिपांत ती असते आणि तिची पातळी चुकीची लावलेली असेल तर प्रत्येक झटक्याला चिप रिसेट होते. आउटपुटच्या एका पायावर स्कोप लावून वीज आल्यापासूनचा पहिला अर्धा सेकंद नक्की बघा. त्यानंतर आठवडाभर एकाच मशीनवर चालवा, बाकीच्यांना हात लावू नका.

सगळं जमलं की चिपचं पूर्ण नाव, हेक्स फाइलचा चेकसम (फाइल तीच आहे हे पडताळायचा आकडा), क्रिस्टलचा आकडा आणि बोर्डावर जिथे जिथे रेझिस्टर वाढवला त्या जागा एका कागदावर लिहून तो कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून पॅनेलच्या दाराला आतून चिकटवा. प्रोग्राम भरलेली एक जादा चिपही त्याच पिशवीत ठेवा, पाय काळ्या फोममध्ये खोचून.